हैबती नावाची फाइल

पासली,
६ एप्रिल

मालिनीकाकूंना प्रगतीचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचे यजमान सौमित्रकाका आमच्या चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी खाऊन गेलेले आहेत. मी हैबतीमामांची सून. पासलीच्या अंगणवाडीत सेविका आहे. इथे मोबाईलला रेंज मारुतीच्या पारावर येते, तीही वाऱ्याच्या मर्जीने. तुमचा नंबरही आमच्याकडे नाही. काकांनी एकदा कागदावर पत्ता लिहून दिला होता, म्हणून पत्र.

काका जानेवारीत गेले हे आम्हाला नसरापूरच्या बाजारात फार उशिरा कळलं. भेटायला यायला हवं होतं. राहून गेलं, माफ करा.

आता काम सांगते. मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून गेल्या वैशाखापर्यंत काका पंधरा दिवसांनी वरच्या वाडीत यायचे. सासऱ्यांच्या घोंगडीला करवंदाएवढा माइक लावायचे आणि मोबाईल त्यांच्या पिशवीत ठेवायचे. शेरडांना घालायची हाळी त्यांना गोळा करायची होती. गेल्या मे महिन्यात सासरे गेले. तिसऱ्या दिवशी काका भेटायला आले, "आवाज आहे माझ्याकडे, आणून देतो," म्हणाले आणि पुन्हा आलेच नाहीत.

सासूबाई, धोंडाबाई, वरच्या वाडीत आता एकट्या आहेत. गेल्या पावसात घरामागचा डोंगर सरकला, भिंत फाटली. ३१ मेपूर्वी वाडी खाली करा, अशी नोटीस आली आहे. माझ्या मालकांनी, सोमेश्वरांनी, खाली गावात त्यांच्यासाठी खोली बांधली. पण त्या हलत नाहीत. रोज कातरवेळी खिंडीकडे तोंड करून बसतात. म्हणतात, "मालक हितंच हायती. म्या खाली गेले तर त्यास्नी ओ कोन दील?" त्या वाटेने जायला आता गावातली माणसंही कचरतात.

परवा त्या आपण होऊन म्हणाल्या, "सायबाच्या यंत्रात मालकांचा आवाज हाय. त्यो ऐकवा. खिंडीत म्या ऐकला त्यो मालकांचाच का दुसऱ्या कुनाचा, ते म्या सांगते. दुसऱ्याचा असंल तर येते खाली."

काकू, तेवढा आवाज शोधून द्याल का?

तुमची,
प्रगती


भोर,
१४ एप्रिल

चि. प्रगतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ह्यांच्या नावाने आता फक्त विजेचं बिल येतं. त्यांच्या हातची भाकरी नव्हे, पण त्यांनी खाल्लेली भाकरी कुणीतरी आठवते, हे वाचून बरं वाटलं.

मी इथे शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, तेव्हा कॉम्प्युटरला मी अगदीच परकी नाही. ह्यांच्या जुन्या मशीनवर "हैबती" नावाची एकच फाइल सापडली, झिप केलेली. मोठ्या आशेने अँटिव्हायरसकडून तपासायला लावली, तर पिवळी पाटी आली: "ही फाइल अतिशय दाबलेली आहे. उघडल्यास प्रचंड मोठी होऊ शकते. तपासलेली नाही." आणि वर त्याला कसलासा बॉम्बही म्हटलं आहे. आता काय बोलावं! शाळेत दोन वर्षांमागे असल्याच एका फाइलीने निकालपत्रकांची वाट लावली होती, तेव्हापासून पिवळं-लाल काही दिसलं की पुसून टाकायचं असा आमच्याकडे दंडक आहे. दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकूनच पिणार. येत्या रविवारी ही फाइल काढून टाकते. फाइल बिघडलेली होती, असं धोंडाबाईंना सांग.

खरं सांगायचं तर मला त्या फाइलीची भीती वाटते. हे तुमच्याकडून शेवटचं आले त्या दिवसापासून माणूस पालटला. दिवस मावळायच्या सुमाराला डोंगराकडची खिडकी लावून घ्यायचे. आणि एका हाकेत ओ देणं बंद केलं. चहा झाला म्हणून मी हाक मारावी, उत्तर नाही. दुसरी मारावी, नाही. तिसऱ्या हाकेला खोलीतून बाहेर यायचे, तेही चेहरा पांढरा करून. मी चिडायचे. कान गेले म्हणून नसरापूरला डॉक्टरांकडेही नेलं. कान उत्तम होते.

त्या फाइलीत जे काही आहे ते तिथेच राहू दे.

मालिनीकाकू


पासली,
१९ एप्रिल

काकू,

पत्र वाचल्याबरोबर एसटीच्या कंडक्टरच्या हातात हे देते आहे, भोरच्या गाडीत पोचतं करायला. रविवारच्या आत मिळो. कृपा करून काढून टाकू नका. मला त्यातलं काही कळत नाही. पण पाटीवर "तपासलेली नाही" असंच लिहिलं आहे ना? मग आत काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. जाणत्या माणसाला एकदा दाखवा.

काल वर गेले होते. भिंतीच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. सासूबाई म्हणाल्या, "हात काढ, वारं अडतंय."

प्रगती


भोर,
२ मे

चि. प्रगतीस आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी शनिवारी संध्याकाळी आली. कंडक्टर दारात उभा राहून "हातात द्या म्हटलंय, ताई" म्हणाला. त्याला चहा पाजला आणि फाइल पुसायचं रहित केलं.

ह्यांचा भाचा मंदार पुण्याला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला बोलावून घेतलं. तो पाटी वाचून हसला. म्हणाला, "मामी, आत धोका आहे असं हा म्हणतच नाहीये. मी आत पाहिलेलं नाही, एवढंच म्हणतोय. मुद्दाम मशीन बंद पाडायला अशा फाइली पाठवणारे लोक असतात. उघडली की फुगत जाते आणि सगळी जागा खाते. म्हणून हा घाबरून दारातूनच परत फिरतो. अनोळखी माणसाने पाठवली असती तर मीच पुसायला सांगितली असती. पण ही मामांनी स्वतः, याच मशीनवर बांधली आहे." मी विचारलं, एवढी दाबली जाते कशी? तर म्हणाला, "तेच ते असलं की दाबलं जातं. शंभर पानं एकच अक्षर गिरवलं असेल, तर ते अक्षर एकदा लिहून पुढे 'शंभर पानं' म्हटलं की झालं."

मग त्याने फाइल न उघडता आतली नुसती यादी काढली. एक्केचाळीस रेकॉर्डिंगं, एकेका दिवसाची तीन-तीन, सगळी मिळून शंभरेक तासांची. मोकळी डिस्क लावली, एकेक बाहेर काढलं, प्रत्येक तपासलं. व्हायरस नाही.

आवाजही नाही, प्रगती. चाळीस रेकॉर्डिंगांत काहीही नाही. वारा नाही, पाखरू नाही, शेरडाची घंटा नाही. मंदार म्हणाला, खोलीतली शांतता अशी नसते, हे माइक बंद असल्यासारखं आहे. शंभर तास ह्यांनी तुझ्या सासऱ्यांना डोंगरभर यंत्र वाहायला लावलं आणि हाती शून्य. झाकली मूठ म्हणतात ती हीच. "आवाज आहे" म्हणून खोटं सांगून आले आणि ते खोटं ह्या फाइलीत कोंबून ठेवलं. मला फार लाज वाटते.

एक्केचाळिसाव्यात, ११ मेच्या, साडेपाच मिनिटं काहीतरी आहे. पण तो नुसता वारा आहे. धोंडाबाईंच्या कामाचं त्यात काही नाही. त्यांना सांग, मिळालं नाही.

मालिनीकाकू


पासली,
९ मे

मालिनीकाकूंना नमस्कार.

आज मामांना वर्ष झालं. नैवेद्य दाखवून खाली आले आणि लिहायला बसले.

आधी लाजेचं सांगते. ती लाज काकांची नव्हेच. तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. चाळीसांत आवाज नाही म्हटल्यावर त्या वर्षात पहिल्यांदा हसल्या. "आवाज कुठनं यील? सायेब वळला की मालक त्या माइकाचं बटन दाबायचं. सांजच्याला परत दाबून द्यायचं. म्हनायचं, हाळी पेटीत गेली तर शेरडं पेटीच्या मागं जातील, मंग माजं काय काम? पर सायेब लांबनं येतोय, त्याचं मन कशाला मोडा."

म्हणजे काकांचं काही चुकलं नव्हतं. मामांनी त्यांना सांगितलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही. दोघांनी एकमेकांचं मन राखलं.

आता दुसरं. तुम्ही ११ मे लिहिलंत. मामा गेल्याचा तो तिसरा दिवस. त्या दिवशी काय झालं ते मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं, घरातही फक्त मला माहीत आहे, पण आता लिहिते.

चाळीस वर्षं मामांची रीत अशी होती: कातरवेळी खिंडीत आले की हाळी द्यायचे, आणि सासूबाई खालून ओ द्यायच्या. ओ आली म्हणजे शेरडं कोंडायच्या वाडग्याचं कवाड उघडलं असं समजून ते शेरडं खाली सोडायचे. त्या दिवशी काका जाऊन तासभर झाला असेल. सासूबाई शेणी रचत होत्या. खिंडीतून हाळी आली. मामांचीच, तशीच, बांडी शेरडीचं नाव घेऊन. आणि सासूबाईंच्या तोंडून सवयीने ओ गेली.

आमच्यात कातरवेळी हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो, गेलेला एकदाच. त्यांनी पहिल्याच हाकेला ओ दिली. दुसरी हाक आलीच नाही. तेव्हापासून त्या म्हणतात, "मालक चालले व्हते. म्याच ओ दिऊन मागं वढलं. आता त्यास्नी हितं अडकवून म्या खाली कशी जाऊ?"

म्हणून विचारते, काकू. रागावू नका. त्या साडेपाच मिनिटांत खरोखर वाराच आहे का?

वळवाच्या दोन सरी पडून गेल्या. सोमेश्वरांनी आपल्या टेम्पोतून लाकडं नेऊन भिंतीला टेकू लावलाय. बावीस दिवस राहिलेत.

प्रगती


भोर,
१३ मे

प्रगती,

मी खोटं लिहिलं. तो वारा नाही, माणूस आहे. माझा नवरा आहे.

तुझ्याकडून ते "आवाज आहे" म्हणून निघाले, त्याच्या बहुतेक आदल्या दिवशीच ते सगळं ऐकून बसले होते. बटणाचं त्यांना कुठे ठाऊक! यंत्र आपणच बिघडवलं, गेलेल्या माणसाचा आवाज आपणच घालवला, असंच त्यांना वाटलं असणार. रेकॉर्डिंगमध्ये आधी चढ चढतानाची धाप आहे. मग ते म्हणतात, "हैबतराव, तुमची नाही मिळाली. शिकलो तशी देतो. निदान चाल तरी राहील." घसा खाकरतात. आणि मग हाळी देतात: "हूऽऽर्र, येऽऽ बांडेऽऽ."

मला हसू यायला हवं होतं. न्हाणीघरात हीच हाळी ते सहा महिने घोटत होते आणि मी बाहेरून म्हणायचे, शेजारची म्हैस आली हो! पण प्रगती, खिंडीत ती तशी वाटत नाही.

त्यानंतर चारेक सेकंद काही नाही. मग खालून, लांबून, एका बाईची ओ येते. "व्हऽऽय, आलेऽऽ." इतकी ओढीने आलेली ओ मी जन्मात ऐकलेली नाही. ह्यांचा श्वास अडकल्याचं ऐकू येतं. मग "अरे देवा, अरे देवा," मग दगड घरंगळतात, ते पळताहेत. अगदी शेवटी हळूच, "वहिनी, मला माफ करा." आणि शेरडांच्या घंटा. शेरडं त्यांच्या मागे आली होती.

त्यांना तुमची रीत ठाऊक होती, हे आता मला कळतं. आपण काय करून बसलो ते त्याच क्षणी त्यांना समजलं. परत येऊन सांगायचं धैर्य झालं नाही आणि घरात पहिल्या हाकेला ओ देणंही जमेना. मी कान तपासत बसले. त्या पिवळ्या पाटीसारखीच मी, आत न बघता दारातून परत फिरले.

आता मी खोटं का लिहिलं तेही सांगते. ह्यांचा आवाज ह्या घरात दुसरा कुठेही नाही. मोबाईल त्यांच्या मागोमाग बिघडला, लग्नाच्या कॅसेटवर सगळी सनईच आहे. चार महिने शोधल्यावर सापडला तो असा, दुसरीच्या नवऱ्याची नक्कल करताना आणि दुसरीची क्षमा मागताना. वाटलं, एवढा तरी माझ्यापुरता ठेवते, कुणाला देत नाही. तुझं पत्र आलं आणि भिंतीच्या भेगेत हात घालून उभी असलेली तू दिसायला लागलीस. मला दोन रात्री झोप नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. टेम्पोच्या टेपवर वाजेल असं मंदारने करून दिलं आहे. धोंडाबाईंना ऐकव. त्यांनी ह्यांना शिव्या दिल्या तर त्याही मला लिही, गाळू नकोस.

मालिनी


पासली,
२५ मे

मालिनीकाकूंना प्रगतीचा साष्टांग नमस्कार.

पेनड्राइव्ह वीस तारखेला मिळाला. दुसऱ्या दिवशी सोमेश्वरांनी टेम्पो रस्ता संपतो तिथवर वर नेला, दोन्ही दारं उघडी टाकली आणि सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या टेम्पोत बसल्या, पदर घट्ट धरून.

हाळी वाजली तशी पहिल्यांदा शेरडं हलली. बांडीने मान वर केली आणि सगळा कळप टेम्पोकडे धावत आला. दारातल्या स्पीकरला नाकं लावून हुंगायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मालक म्हनत व्हते तेच झालं."

मग त्यांची स्वतःची ओ आली. ती ऐकताना त्यांनी डोळे मिटले. "परत लाव," म्हणाल्या. तीनदा लावलं. मग म्हणाल्या, "ह्यो मालक न्हवं. मालकांची हाळी शेवटाला वर जाती, ही मोडतीय. ह्यो सायेब हाय." आणि मग, "त्या दिशी म्या लांब व्हते, कळलं न्हाई."

मला वाटलं आता त्या रागावतील, नाहीतर मोकळ्या होऊन हसतील. यातलं काहीच झालं नाही. त्या खिंडीकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी मालक तवाच गेलं. कुनी अडवलं न्हाई त्यास्नी." आणि काकू, त्या रडल्या. मामा गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. वर्षभर नाही. टेम्पोच्या सीटवर अंग मुडपून, तोंडात पदर कोंबून रडल्या. "वरीसभर म्या येकली न्हवते गं. आज येकली झाले."

तुम्ही आणि मी मिळून त्यांचं माणूस त्यांच्याकडून नेलं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तेविसाला त्या आपल्या पायांनी खाली आल्या. सोबत घोंगडी, जातं आणि अकरा शेरडं. काल दुपारी जोराचा पाऊस झाला आणि घरामागची दरड भिंतीसकट चुलीवर येऊन बसली. सोमेश्वर बघून आले.

शिव्या लिही म्हणाला होतात. एकही दिली नाही. फक्त एवढंच, की आज सकाळी मी लिहायला बसले तशी त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बटनाचं त्या सायबाला कुनी सांगितलं न्हाई. त्यो तसाच गेला, मनात घिऊन." पेनड्राइव्ह परत पाठवत नाही. त्या म्हणतात, आवाज टपालात टाकायचा नसतो, तुम्हीच येऊन न्या. वेल्ह्याहून पासलीची गाडी दुपारी असते, मी पारावर उभी राहीन. पुढचं त्यांनी सांगितलं तसंच लिहिते:

"त्या बाईस्नी म्हनावं, दिस मावळायच्या टायमाला माज्यासंगं खिंडीत चला. म्या हाळी शिकवते. तुमच्या मालकाला हाळी द्या, बटनाचं काय ते सांगा. पहिल्या हाकंला ओ आली तर तिला उलटून ओ दिऊ नका. दुसरीला आली तरी न्हाई. आन् कुनाचीच न्हाई आली, तर तिसरीला म्या ओ देते."

तुमची,
प्रगती